सतरा रुपये सत्तर पैसे

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आमचं घर तासगाव तालुक्यात, दोन एकर द्राक्षबाग. घरात महिनाभर एक वाद चालू आहे, तो तुम्हीच मिटवा. बेदाण्याच्या शेडसाठी आम्ही आमच्या नागरी सहकारी बँकेतून चार लाखांचं कर्ज काढलं, तेव्हा दहा हजार रुपये शेअर्ससाठी म्हणून कापून घेतले. परवा पासबुक भरून आणलं तर त्यात 'एसएमएस चार्ज १७.७०' अशी नोंद. सासरे म्हणतात, "इंदिराबाईंनी बँका सरकारी केल्या तेव्हापासून बँक म्हणजे शाळा-दवाखान्यासारखी सेवा. आणि आपली तर सहकारी, ना नफा ना तोटा. असे पैसे कापायचा त्यांना अधिकारच नाही." मुलगी बारावी कॉमर्सला. ती म्हणते, "आबा, बँक नफ्यासाठीच असते, आमच्या पुस्तकात आहे." पण मग सहकारी बँक ना-नफा नसेल तर वेगळी कशी? आणि असेल तर सप्टेंबरच्या सभेत डिव्हिडंड कुठून वाटतात? ते दहा हजार आता आमचे की बँकेचे?
— सौ. वि. ज., तासगाव तालुका

उत्तर : ताई, आधी निकाल सांगते, मग हिशेब. मुलीचं बरोबर आहे. आबांचं पूर्ण चूक नाही, पण ते जी बँक मनात धरून बोलतायत तशी बँक आपल्याकडे कधी नव्हतीच.

सरकारी बँकेपासून धरू. १९ जुलै १९६९ ला चौदा बँका सरकारच्या झाल्या, १९८० मध्ये आणखी सहा. तेव्हा मालक बदलला, आणि कर्ज कुणाला द्यायचं याची दिशा बदलली. शेतकरी, छोटा कारखानदार, खेड्यातली शाखा हे सगळं त्यानंतर वाढलं, त्या बाबतीत आबांची आठवण पक्की आहे. खातेवही मात्र तीच राहिली. स्टेट बँकेत आजही निम्म्याहून जास्त शेअर सरकारचे आहेत, आणि २०२४-२५ या वर्षात तिचा निव्वळ नफा ७०,९०१ कोटी रुपये होता. शेअरमागे १५ रुपये ९० पैसे डिव्हिडंड दिला. त्यातला मोठा वाटा सरकारच्या तिजोरीत गेला, बाकीचा तुमच्याआमच्यासारख्या शेअरवाल्यांना. शाळा-दवाखाना असा डिव्हिडंड वाटत नाही.

'ना-नफा' या शब्दाचाही घोळ आहे, आणि तो मुलीला नीट समजावून सांगा, परीक्षेत उपयोगी पडेल. ना-नफा म्हणजे शिल्लक उरतच नाही असं नव्हे. एखाद्या ट्रस्टच्या शाळेत वर्षाअखेर पाच लाख उरू शकतात. ते कुणी घरी न्यायचे नाहीत, पुन्हा शाळेतच घालायचे, इतकाच त्याचा अर्थ. म्हणून विचारायचा प्रश्न 'नफा होतो का' हा नाही. उरलेलं कोण नेतं, हा प्रश्न विचारा. बँकेचा कायदाच मुळी नफा होणार असं धरून लिहिलाय. १९४९ च्या बँकिंग कायद्यात आहे की डिव्हिडंड वाटायच्या आधी नफ्यातला निदान वीस टक्के हिस्सा राखीव निधीत टाका. आपल्या राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्यात हाच हिस्सा पंचवीस टक्के. नफाच अपेक्षित नसता तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

मग सहकारी बँक वेगळी कुठं? तीन ठिकाणी. एक, त्याच सहकार कायद्यानं डिव्हिडंडला पंधरा टक्क्यांची मर्यादा घातलीय. बँकेला कितीही नफा होवो, सभासदाच्या हातात त्याहून जास्त पडणार नाही. दोन, शेअरची किंमत वाढत नाही. शंभराचा शेअर वीस वर्षांनीही शंभरालाच परत. स्टेट बँकेच्या शेअरसारखा तो बाजारात चढत नाही. तीन, आणि माझ्या मते हेच मोठं, एका सभासदाला एकच मत. तुमचे दहा हजार आणि शेजारच्या बागायतदाराचे पाच लाख, सभेत दोघांचा हात एकेकदाच मोजायचा. माझे वडील बैलाला वेसण घालताना म्हणायचे, वेसण घातली म्हणून बैल वैरण खायचा थांबत नाही, फक्त शेतात कुठंही घुसत नाही. सहकारी बँकेच्या नफ्याला तशी वेसण आहे. वैरण मात्र तिलाही लागते.

ही वैरण कशासाठी, ते सांगायला मला मार्केट यार्डातल्या शाखेत जावं लागेल. १९८६ साली मी सांगलीतल्या एका नागरी सहकारी बँकेत क्लार्क म्हणून लागले. पुढं बरीच वर्षं यार्डातल्या शाखेत काढली. हळदीच्या सिझनला काउंटरवरच्या नोटासुद्धा पिवळ्या असायच्या, मोजून झालं की बोटं पिवळी. एकदा एक म्हातारे शेतकरी हळदीची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, घेऊन ठेव ठेवायला आले. पावती हातात पडल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"माज्या पैशाला तुमी सात टक्के देताय. उद्या मीच कर्ज मागाय आलो तर अकरा घेणार. मदलं चार कोन खातंय वो मॅडम?"

मागं रांग होती. मी पैसे भरायच्या स्लिपची मागची कोरी बाजू घेतली आणि शंभर रुपयांचा हिशेब मांडून दाखवला. ती स्लिप त्यांनी नेली. पण तेव्हापासून तोच हिशेब मी शेकडो जणांना मांडून दाखवलाय. आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्येक बँकेचे थोडे वेगळे निघतील. आजच्या नियमानं पुन्हा मांडते.

ठेव आली शंभर रुपये. त्यातले तीन रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचे, त्यावर एक पैसा व्याज मिळत नाही. अठरा रुपये सरकारी कर्जरोख्यांत वगैरे अडकवायचे, त्यावर सात टक्के धरा, म्हणजे एक रुपया सव्वीस पैसे. चार रुपये गल्ल्यात आणि इतर बँकांच्या चालू खात्यात, रोजच्या देण्याघेण्यासाठी, तेही बिनव्याजी. राहिले पंचाहत्तर. ते अकरानं कर्जाऊ दिले तर सव्वाआठ रुपये. एकूण आले नऊ रुपये एक्कावन्न पैसे. ठेवीदारांना सरासरी साडेसहा टक्के द्यायचे, कारण बचत खात्यावर कमी आणि मुदत ठेवीवर जास्त असतं. उरले तीन रुपये एक पैसा. पगार, भाडं, लाईट, कॉम्प्युटर, ऑडिट, ठेव विम्याचा हप्ता, सगळं मिळून दोन रुपये. उरला एक रुपया एक पैसा. कुणीतरी हप्ते थकवणारच, त्याची तरतूद तीस पैसे. उरले एक्काहत्तर. आयकर अठरा पैसे. उरले त्रेपन्न. त्यातले पंचवीस टक्के राखीव निधीला, म्हणजे तेरा. हातात राहिले चाळीस पैसे. त्यातून डिव्हिडंड द्या, इमारत निधी काढा, काय वाटेल ते करा.

आता या हिशेबात एक बारीक जागा बघा. कर्जाऊ दिलेल्या पंचाहत्तर रुपयांतला फक्त एक रुपया पार बुडाला तर काय होतं? एक्काहत्तर पैशांचा सगळा नफा गेला आणि वर एकोणतीस पैसे खिशातून. पंचाहत्तरात एक! पाहुण्यारावळ्यांत कुणाला शंभर हातउसने दिले तर किती परत येतात, आठवून बघा. बँकेला नफा लागतो तो या एका रुपयासाठी. मागच्या वर्षांचा राखीव निधी साठलेला असेल तर तो खड्डा भरून निघतो, नसेल तर तुमच्या ठेवीला भोक पडतं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. साल सांगत नाही, बँकेचं नावही नाही, ओळखणारे ओळखतील. आमची वार्षिक सभा मंगल कार्यालयात व्हायची. जेवणात जिलेबी-मठ्ठा, पहिल्या तीन रांगांत चेअरमनांची माणसं. अहवाल मंजूर, मंजूर, मंजूर असं दहा मिनिटांत उरकायचं. त्या वर्षी चेअरमन माइकवरून म्हणाले, "आपली बँक काय नफा कमवायला काढलेली नाही, आपल्या माणसांच्या अडीनडीला काढलीय." काय टाळ्या पडल्या! आणि त्याच सभेत बारा टक्के डिव्हिडंड जाहीर झाला. मी शिट्टी मारणाऱ्यांच्या मागं उभी होते आणि माझ्या पोटात खड्डा पडला होता. कारण मार्चअखेरीला माझ्याच शाखेत काय झालं, ते मला ठाऊक होतं.

मार्चअखेरीला नवं-जुनं केलं होतं. शेतकऱ्यांना हा शब्द सांगायला नको. जुनं कर्ज थकलंय, तर नवं मंजूर करायचं, त्यातून जुनं भरून घ्यायचं, कागदावर खातं चकाचक. रोख एक रुपयाही आलेला नसतो. शेतकऱ्याच्या पीककर्जात पीक येईतो दम धरण्यासाठी केलं तर समजू शकते. इथं ते संचालकांच्या ओळखीतल्या आठ-दहा मोठ्या खात्यांचं होतं. एकतीस मार्चला रात्री पावणेबारापर्यंत आम्ही व्हाउचरवर सह्या करत होतो. त्या न आलेल्या व्याजाचा 'नफा' झाला, त्या नफ्यातून डिव्हिडंड गेला, म्हणजे ठेवीदारांच्याच पैशातून सभासदांना जिलेबी. एका व्हाउचरवर माझीही सही आहे. वरून आदेश होता हे खरं, पण हातही माझाच होता, हेही खरं.

दोनेक वर्षांत पस्तीस-अ लागलं. सांगलीत हा आकडा लोकांना साथीच्या रोगासारखा माहीत आहे. बँकिंग कायद्याचं ३५-अ हे कलम लावून रिझर्व्ह बँक निर्बंध घालते, तसे घातले. नवं कर्ज नाही, नवी ठेव नाही, आणि प्रत्येक खातेदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त हजार रुपये. त्या काळात भडंगाचं दुकान असलेले एक गृहस्थ रोज साडेदहाला, शटर वर गेलं की यायचे. बोलायचे नाहीत. पासबुक काउंटरवर ठेवायचे. मी ते प्रिंटरला लावायचे, प्रिंटर करकरायचा, नवीन काही छापायचं नसायचं. शेवटची ओळ तीच, २,८६,४१२. ते आकड्यावर बोट ठेवून बघायचे आणि पासबुक घेऊन दुकान उघडायला जायचे. तेव्हा ठेव विमा एक लाखाचाच होता. पुढं आमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि त्यांचे पैसे मिळाले. पहिल्याच दिवशी खातं बंद करायला आले. उरलेले चेक मोजून परत केले, पासबुक मात्र दिलं नाही. मी मागितलंही नाही.

तेव्हा आबांना सांगा, 'आम्हाला नफा नको' म्हणणाऱ्या चेअरमनला मी आता लांबूनच नमस्कार करते. गरिबांसाठी काढलेल्या बँकेलाही हिशेब चुकत नाही. म्हसवडची माणदेशी महिला बँक बघा. चेतना सिन्हा आणि तिथल्या बायकांनी ती १९९७ मध्ये काढली. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला होता, कारण अर्जावर बऱ्याच बायकांचे अंगठे होते. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि आम्ही व्याज तोंडी काढून दाखवतो, म्हणाल्या. आम्ही गरीब आहोत, दया करा, असं नाही म्हणाल्या. मला ही गोष्ट फार आवडते.

सरकारलाही सहकारी बँक नफ्याचीच वाटते, याचा पुरावा आयकरात आहे. पूर्वी सहकारी बँकांचा नफा करमुक्त असायचा. २००६-०७ या वर्षापासून ती सवलत गेली. गावातली पीककर्ज देणारी विकास सोसायटी तेवढी वगळली. आमच्या सीएंनी त्या वर्षी ताळेबंदात कराची तरतूद पहिल्यांदा मांडली तेव्हा एक ज्येष्ठ संचालक चिडून म्हणाले होते, "मग आता आपण सावकारच झालो की!" झालो नव्हतो, पण त्यांचा मुद्दा मुलीला आवडेल.

आता दहा हजार. तुमचं कर्ज तारणाचं दिसतंय. तारण कर्जाला अडीच टक्के शेअर्स घ्यायचे अशी रूढ पद्धत आहे, विनातारणाला पाच टक्के. चार लाखांचे अडीच टक्के म्हणजे बरोबर दहा हजार. ते तुमचेच आहेत, पण ठेव म्हणून नाहीत, मालकी म्हणून आहेत. फरक मोठा आहे. ठेवीला विमा आहे, शेअरला नाही. बँक बुडाली तर आधी शेअरचे पैसे जातात. बँक चालली तर डिव्हिडंड. कर्ज फिटलं की अर्ज करून शेअर परत मागता येतात, बँकेचं भांडवल पुरेसं असेल तर पोटनियमानुसार देतात.

एक गणित मात्र बँकेचा माणूस तुम्हाला सांगणार नाही, मी सांगते. तुमच्या हातात पडले तीन लाख नव्वद हजार, व्याज लागतंय चार लाखांवर. त्या दहा हजारांवर अकरा टक्क्यांनी वर्षाचे अकराशे तुम्ही भरणार, आणि दहा टक्के डिव्हिडंड मिळाला तर तुम्हाला हजार परत मिळणार. पहिल्या वर्षी शंभर रुपये तुमच्याच अंगावर. वाईट वाटून घेऊ नका, मालक होण्याची फी समजा. पण मालक झालाच आहात तर सप्टेंबरच्या सभेला नुसतं जेवायला जाऊ नका. अहवालाची प्रत आधी मागून घ्या. निव्वळ एनपीए, म्हणजे तरतूद वजा जाता उरलेली थकीत कर्जं, किती टक्के, ऑडिटचा वर्ग अ की ब की त्याखाली, आणि राखीव निधी मागच्या वर्षापेक्षा वाढला का, एवढं मुलीला शोधायला सांगा. तिचा प्रॅक्टिकलचा अभ्यासही होईल. उभं राहून प्रश्न विचारला तर पहिल्या तीन रांगा वळून बघतील. बघू देत.

राहिले सतरा रुपये सत्तर पैसे. पंधरा रुपये तिमाहीचे एसएमएसचे आणि अठरा टक्के जीएसटीचे दोन रुपये सत्तर पैसे. ते दोन सत्तर बँकेला मिळत नाहीत, सरकारकडे जातात. पंधरा मात्र बँकेच्या 'इतर उत्पन्नात' पडतात. कापायचा अधिकार नाही, हे आबांचं म्हणणं टिकणार नाही. पण ही रक्कम प्रत्यक्ष किती एसएमएस पाठवले त्यावर घ्यावी, सरसकट नको, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे. तुमच्या खात्यावर तीन महिन्यांत चारच व्यवहार असतील तर शाखेत जाऊन शुल्काचं पत्रक मागा आणि लेखी विचारा. एसएमएस बंद करा, असं मी कुणालाच सांगत नाही. खात्यातून कुणी पैसे उडवले तर पहिली खबर तोच देतो.

मुलीसाठी एक ओळ जादा. रिझर्व्ह बँक नफ्यासाठी चालत नाही, तिचं काम रुपया आणि भाव सांभाळणं. तरी २०२४-२५ सालची तिची शिल्लक सरकारकडे गेली ती २,६८,५९० कोटी रुपयांची, स्टेट बँकेच्या नफ्याच्या पावणेचारपट. नफा हा हेतू नसतानाही नफा होतो, याचं एवढं मोठं उदाहरण दुसरं मिळणार नाही.

*

प्रश्न : वडिलांच्या पेटीत युनायटेड वेस्टर्न बँकेची शेअर सर्टिफिकेटं सापडली. सातारकरांची बँक म्हणून वडील अभिमानानं सांगायचे. ती सहकारी होती ना? मग एका महिन्यात गेली कशी? या कागदांना आज किंमत आहे का?
— श्री. म. शि., सातारा

उत्तर : सहकारी नव्हती, आणि हा गैरसमज साताऱ्यात मला फार वेळा भेटलाय. १९३६ मध्ये साताऱ्यात स्थापन झालेली ती खासगी बँक. अण्णासाहेब चिरमुले यांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलेलं. शेअर होते, भागधारक होते, नफा हा हेतू होता, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. गावोगावच्या शिक्षकांनी, डॉक्टरांनी, व्यापाऱ्यांनी थोडेथोडे शेअर घेतलेले, म्हणून ती 'आपली' वाटायची. 'आपली' आणि 'सहकारी' हे दोन शब्द आपल्या भागात एकमेकांच्या घरी राहतात, म्हणून घोटाळा होतो.

बुडित कर्जं वाढली, त्यांनी भांडवल खाल्लं, आणि नियमाप्रमाणे जेवढं स्वतःचं भांडवल असायला हवं तेवढं उरलं नाही. वर मांडलेला पंचाहत्तरातल्या एका रुपयाचा हिशेब खासगी बँकेलाही सुटत नाही. २ सप्टेंबर २००६ ला निर्बंध आले, ३ ऑक्टोबरला बँक आयडीबीआयमध्ये विलीन झाली. ठेवीदारांचा पैसा सुरक्षित राहिला. भागधारकांना शेअरमागे २८ रुपये रोख ठरले. तेव्हा ती सर्टिफिकेटं आता शेअर म्हणून चालणार नाहीत. वडिलांनी ते पैसे तेव्हा घेतले होते की नाही, हे त्यांच्या जुन्या पासबुकात आधी बघा. नोंद दिसली नाही तर वारसाची कागदपत्रं घेऊन आयडीबीआयच्या शाखेत लेखी अर्ज द्या, तोंडी विचारू नका.

त्या काही महिन्यांचा आमच्या बाजूचा भाग सांगायलाच हवा. १९१६ ची सांगली बँक, तीही खासगी, तीही 'आपली'. एप्रिल २००७ मध्ये ती आयसीआयसीआयमध्ये गेली. सांगली बँकेचे ९२५ शेअर दिले की त्यांचे १०० मिळाले. म्हणजे साताऱ्याची बँक ऑक्टोबरात आणि सांगलीची एप्रिलात, सात महिन्यांत कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांतल्या दोन जुन्या पाट्या उतरल्या. त्या उन्हाळ्यात आमच्या सहकारी बँकेत ठेवी वाढल्या होत्या. लोक म्हणायचे, आता सहकारीच बरी. मी ठेवीच्या पावत्या लिहीत होते आणि गप्प बसले होते.

सर्टिफिकेटं फेकू नका. कागद उत्तम प्रतीचा आहे, फ्रेम करून लावली तरी शोभतील.

*

प्रश्न : पतसंस्था म्हणजे छोटी बँकच ना? आमच्याकडची एक संस्था बँकेपेक्षा दीड टक्का जास्त देते. अमेरिकेत अशा संस्था ना-नफा असतात असं वाचलं. मग तिथं ठेव ठेवायला काय हरकत?
— कु. प्रा. सा., विटा

उत्तर : तुम्ही वाचलंय ते अमेरिकेतल्या क्रेडिट युनियनबद्दल. तिथं बँक नफ्याची आणि क्रेडिट युनियन सभासदांची, ना-नफा, असा कायद्यानंच भेद आहे. क्रेडिट युनियनला तिथला केंद्रीय आयकरही माफ. मूळ कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीची, रायफायझन आणि शुल्झ-डेलिच या दोन गृहस्थांची. तीच १९०४ च्या कायद्यानं आपल्याकडं आली आणि आपल्या सोसायट्या, पतसंस्था, नागरी बँका त्या एकाच खोडाच्या फांद्या. पण फांदी तीच असली तरी तिथलं छप्पर इथं नाही. तिथं क्रेडिट युनियनच्या ठेवीला सरकारी विमा आहे. आपल्याकडं बँकेच्या ठेवीला पाच लाखांचा विमा आहे, २०२० च्या फेब्रुवारीपासून, सहकारी बँकेलाही. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. पतसंस्थेला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो, नावात 'बँक' हा शब्द लावता येत नाही, आणि ठेव ठेवायला आधी सभासद व्हावं लागतं. तुमच्याकडच्या पाटीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते एकदा चष्मा लावून वाचा.

दीड टक्का जास्त देते म्हणजे ती कर्ज कितीनं देत असेल, हा प्रश्न तिथल्या काउंटरवर विचारा. चौदा-पंधरानं कर्ज घेणारा माणूस बहुधा तोच असतो ज्याला अकरानं कुणी दिलं नाही. संस्था चांगली असूही शकते, विट्यात चोख चाललेल्या संस्था आहेत. पण लाखावर वर्षाला पंधराशे रुपये जास्त मिळवायला अख्खा लाख बिनविम्याचा ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या धाकट्या बहिणीनं मागच्या दिवाळीत हेच विचारलं. तिला मी पंचवीस हजार ठेव म्हटलं, तिनं चाळीस ठेवले आणि मला पावती दाखवायला आली.